काचेवर सोडलेली जागा

बजाजनगर, वाळूज
शुक्रवार, १३ मार्च २०२६

आदरणीय अण्णा,

सविनय जय भीम. आईला जय भीम. धाकटे मेघा, तुलाही, आणि वाचून दाखवताना मधले शब्द गाळायचे नाहीत. अण्णांना कळतं.

डोळा कसा आहे? थेंब वेळेवर टाकताय ना? डॉक्टरांनी पंधरा दिवस ऊन नको, धूळ नको, वाकणं नको, वाचन नको, असं सांगितलंय. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या नाहीत असं काही सांगितलेलं नाही, तेव्हा ते चालू ठेवा. आई फोनवर म्हणाली, काळ्या चष्म्यात तुम्ही लग्नातल्या बँडवाल्यासारखे दिसता. मला फोटो पाठवा म्हटलं तर तुम्ही मागून ओरडलात, "नाय पाठवायचा!" म्हणजे खरंच तसे दिसत असणार.

तुम्ही म्हणालात, "फोनवर तू तीन शब्दांत आटपते. कागद लिही. जीपची समोरची काच कशी काढली, कशी बसवली, समदं लिही. मला पडून पडून कंटाळा आलाय." म्हणून लिहिते आहे. आज कंपनीत रजा टाकली होती. हा कागद संध्याकाळच्या एसटीनं प्रणयच्या हाती येईल.

प्रणय सकाळी दहाला जीप घेऊन पोचला. चुलतभाऊ असून सख्ख्या मोठ्या भावासारखा रुबाब करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. उतरल्या उतरल्या म्हणाला, "तडकलेल्या काचेतून देवगाव ते औरंगाबाद चालवून बघ एकदा. समोरून एक एसटी यायची अन् मला तीन दिसायच्या. मी तिन्हींना साइड दिली." शहराचं नाव बदलून इतके दिवस झाले तरी त्याच्या तोंडातून जुनंच नाव निघतं. माझ्याही कधी कधी.

जाफर गेटजवळच्या काचवाल्या सरदारचाचांनी आधी काचेचं नाही, तुमचं विचारलं. "कचरूभाई की आँख कैसी है?" मी म्हटलं, ऑपरेशन चांगलं झालं, आत नवीन भिंग बसवलंय. चाचा हसले. "हौ, आँख की काच बी नयी, गाडी की काच बी नयी. अब देखना कचरूभाई के नखरे!"

आता मुद्द्याचं. खडीच्या टिपरमधून उडालेला तो खडा चिंचोक्याएवढाच असेल ना? मग त्यानं अख्खी काच तडकली कशी, आणि तडकूनही ती खाली कशी पडली नाही? हे कोडं मला आठवडाभर छळत होतं. मी चाचांना विचारलं. त्यांचा मुलगा जुनेद मध्येच म्हणाला, "मॅडम, बी.एस्सी. तुम हो की अब्बा?" चाचांनी त्याला गप्प केलं आणि मला काचेची कड दाखवली. "ये एक काच नै बेटा, दो है. बीच में पतला पर्दा है, प्लास्टिक का. फुटेगी, पर छोडेगी नै."

मी वाकून पाहिलं. खरंच, दोन काचा आणि मध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर! दाराची काच फुटली की तिचे साखरेसारखे दाणे होतात, कारण ती एकेरी असते, भट्टीत तापवून कडक केलेली. समोरची फुटते, पण तिचे तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात, चालवणाऱ्याच्या तोंडावर येत नाहीत. अण्णा, तीन वर्षं मी विज्ञान शिकले, वह्याच्या वह्या भरल्या, आणि लहानपणापासून ज्या काचेमागं बसले ती दुहेरी आहे हे मला आज कळलं. तुम्ही म्हणायचा ना, विचारत जा, विचारायला तिकीट लागत नाही. मी आज फुकटात पुष्कळ प्रवास केला.

काढताना अशी काढली. जुनेदनं बाहेरून सुरीनं रबराची कड कापली. चाचा आत तुमच्या सीटवर आडवे झाले, चपला काढल्या, दोन्ही पायांना गोणपाट गुंडाळलं आणि तळव्यांनी काच हळूहळू बाहेर ढकलली. या वयात! प्रणय म्हणाला, "चाचा, लाथ मारून काढायची तर मी मारली असती." चाचा आतून म्हणाले, "लाथ नै मारते. पाँव दबाते हैं वैसा करते." काच पुढं झुकली आणि जुनेद-प्रणयनं ती पाळण्यातल्या बाळासारखी उतरवून घेतली.

काच निघाल्यावर जीप ओळखू येईना. दात पडलेल्या माणसासारखी दिसत होती. आणि रबराखाली चौकटीला गंज होता. वरून रंग इतका चांगला, तुम्ही दर रविवारी पुसून ठेवता, आणि रबर उचललं तर खाली लाल पापुद्रे. चाचा म्हणाले, पाणी बऱ्याच दिवसांपासून मुरत असेल, वरून कधीच कळत नाही. मी एक पापुद्रा नखानं काढून बघितला. असो. चौकट घासून पुन्हा गंजू नये म्हणून लाल ऑक्साइड मारलंय, ते वाळायला उद्यापर्यंत वेळ लागेल. नवीन रबरही उद्याच येणार आहे. म्हणून जीप आज इथंच.

काचेवरच्या नावाचं तुम्ही दोनदा बजावलंय. "होतं तसंच लावून घे. गोकुळकडंच जा, दुसरीकडं नको." गोकुळचं रेडियमचं दुकान चाचांच्या शेजारीच आहे, पण तो आज लग्नाला गेला होता. काचेवरचं 'जय भीम' भंगारात जाऊ नये म्हणून जुनी अक्षरं मी ब्लेडनं खरवडून काढली. एक गंमत दिसली. 'मोनाली' ही अक्षरं उन्हानं पार फिकट, विटकरी झाली होती आणि 'बी.एस्सी.' अजून लालभडक. एकाच ऊनपावसात राहून असा फरक कसा? रेडियमचे रोल वेगवेगळे असतील. एका रोलमधलं संपलं म्हणून दुसरा घेतला असेल.

पण नाव पुन्हा लावायलाच हवं का, अण्णा? नुसतं 'जय भीम' पुरे नाही का? काच मोकळी छान दिसते. बघा, विचार करा.

आईनं पाठवलेली शेंगाची चटणी मिळाली. खोलीतल्या दोघी आजच अर्धी संपवतील असं दिसतंय.

तुमची लेक,
मोनाली, बी.एस्सी.
(२६ जानेवारीला तुम्ही फोनवर हुकूम सोडलात की नावापुढं बी.एस्सी. लिहीत जा, म्हणून.)


बजाजनगर
शनिवार, १४ मार्च, दुपार

आदरणीय अण्णा,

सविनय जय भीम.

काच बसली! आणि ती बसवायला तुमच्या लेकीचा हात लागला. मेघा, हे वाक्य दोनदा वाच.

मला वाटत होतं, काच चिकटवतात. नव्या गाड्यांना तसंच करतात म्हणे. आपल्या जीपची रीत जुनी. आधी काचेच्या चारही कडांना रबर चढवायचं, झालर लावल्यासारखं. त्या रबराला दोन खोबणी असतात. एकीत काच बसते, दुसरीत चौकटीच्या पत्र्याची कड बसायला हवी. आता विचार करा, काच बाहेरून लावायची, पत्रा चौकटीचा, आणि रबराचा ओठ आतल्या बाजूला यायला हवा. तो आत येणार कसा? चौकट काही फाकत नाही, काच काही वाकत नाही.

मी पाच मिनिटं डोकं चालवलं. तुम्हीही मेघाला पुढं वाचू द्यायच्या आधी चालवा.

उत्तर आहे दोरी. साधी नायलॉनची, पेन्सिलीएवढी जाड. रिकाम्या खोबणीत ती सगळीकडून फिरवायची आणि दोन्ही टोकं खाली मधोमध आत लोंबती सोडायची. साबणाचं पाणी लावायचं. मग बाहेरून एकानं काच चौकटीवर धरून तळहातानं थोपटायचं आणि आतून दुसऱ्यानं दोरी ओढायची. दोरी जिथून निघते तिथं ती रबराचा ओठ उचलून पत्र्याच्या आत आणून ठेवते आणि पुढं सरकते. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचा जोर कळत नाही. दोघांनी एकमेकांच्या आवाजावर चालायचं.

आत नेहमी जुनेद बसतो. मी चाचांना विचारलं, "मी ओढू का?" जुनेदनं कपाळाला हात लावला. "अब्बा, कचरूचाचा कल को बोलेंगे, मेरी गाडी पे कॉलेज का प्रॅक्टिकल कर दिए."

"करने दे," चाचा म्हणाले. "उस के बाप की गाडी है."

मी आत बसले. चाचा बाहेरून काचेवर थाप मारायचे आणि "हौ" म्हणायचे, की मी वीतभर ओढायची. थाप, हौ, वीतभर. खालची बाजू झाली, डावी झाली. ओठ टपटप आत येत होता. वाटाण्याची शेंग सोलताना होतो ना, तसा आनंद झाला. आणि मग वरच्या बाजूला आल्यावर मला जोर चढला. चाचांच्या "हौ"ची वाट न बघता मी ओढत गेले. उजव्या वरच्या कोपऱ्यात, बरोबर तुमच्या डोक्यावर, दोरी जराशी अडकली, कच्चकन सुटली, आणि उरलेली सगळी हातात आली.

बाहेरून काच आरशासारखी बसली होती. चाचा म्हणाले, "वाह!" जुनेदसुद्धा म्हणाला, "मॅडम, नोकरी छोडो, इधर आ जाओ." त्यानंच फोटो काढला. चहा आला.

मी चहाचा कप हातात घेऊन आत वर बघत होते. त्या कोपऱ्यात रबराचा ओठ दुमडून आत गेला होता. नखाएवढाच. बोट फिरवलं तरच कळत होतं. कुणी बोट फिरवलं नसतं. जूनपर्यंत काहीच झालं नसतं. मग एक दिवस शिऊरच्या बाजूला पाऊस लागला असता आणि तुमच्या नव्या डोळ्यात थेंब पडला असता.

अर्धा कप होईपर्यंत मी बोलले नाही, अण्णा. खरं सांगते. वाटलं, इतकं छान बसलंय, सगळे खूश आहेत, आता कशाला? मग म्हटलं, "चाचा, इथं दुमडलंय. मी घाई केली."

चाचांनी बोट फिरवून बघितलं. रागावले नाहीत. माझ्या हातातला कप काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "गलती पे चाय नै पीते बेटा. पहले गलती, बाद में चाय."

पुन्हा सगळी काच काढली. पुन्हा दोरी, पुन्हा साबणाचं पाणी. या वेळी मी "हौ" ऐकल्याशिवाय बोट हलवलं नाही. शेवटी जुनेदनं वरून चार बादल्या पाणी ओतलं आणि मी आत बसून छताकडं बघत राहिले. एक थेंब आला नाही. चाचांनी सांगितलंय, आजचा दिवस जीप हलवू नका, रबर जागेवर बसू दे. दार आपटायचं नाही. (हे आईला सांगा, ती आपटते.)

मेघा, इथं थांब. खालचं पान मी घडी घालून टाचलंय. ते अण्णांच्या उशीखाली ठेव. पंधरा दिवसांनी त्यांचे ते वाचतील. म्हणून अक्षर मोठं काढलंय.

—

अण्णा,

चाचांनी माझा कप काढून घेतला तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. मी नऊ महिने चुकीवर चहा पीत होते.

मागच्या जूनमध्ये निकाल लागला, त्या दिवशी तुम्ही फोन केलात. विचारलंत, "झालं का?" मी म्हटलं, "व्हय अण्णा, झालं."

झालं नव्हतं. फिजिक्सचा एक पेपर राहिला होता. नऊ मार्कांनी. फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं की तुम्ही "पास झालीस का" असं कुठं विचारलंत? निकाल लागला, म्हणजे झालंच की. इतकं मराठी मला येतं. खोटं न बोलता खोटं कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलं नाही, ते आपोआप आलं.

चार दिवसांनी तुम्ही म्हणालात, काचेवर तुझं नाव लावलं. आपल्या घरात तुम्ही सातवीपर्यंत शिकलात, आई शाळेत गेलीच नाही, प्रणयनं बारावीत सोडलं. देवगाव ते कन्नड रोज चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला रस्त्यावरच्या माणसांनी वाचायचं, मोनाली बी.एस्सी. आणि मी इथं बजाजनगरात राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरत होते.

म्हणून मी धम्मचक्र दिनाला आले नाही. ओव्हरटाइम आहे असं सांगितलं, तो नव्हता. दिवाळीच्या सुट्टीतही नव्हता. मला ती जीप समोरून येताना बघायची नव्हती.

हिवाळ्यात पेपर दिला. जानेवारीत पास झाले, एक्केचाळीस मार्क. फेब्रुवारीत घरी आले तेव्हा पहिल्यांदा ती अक्षरं बघितली. तोवर ती खरी झाली होती. मी गप्प राहिले. वाटलं, आता खोटं उरलंच नाही, मग सांगायचं काय?

पण कंपनीत मी क्वालिटीत आहे. दिवसभर लोकांच्या कामावर लाल चिठ्ठ्या लावते. केसाएवढी चीर असली तरी माल परत पाठवते; माणसं विनवण्या करतात, "मॅडम, कोण बघतंय?" मी म्हणते, मी बघतेय. बाबासाहेबांचा फोटो समोर ठेवून अभ्यास करणारी मी, रविवारी विहारातल्या पोरांना 'खरं काय ते तपासून घ्या' असं शिकवते. आणि माझ्यावरची चिठ्ठी मीच काढून टाकली होती.

उद्या नव्या काचेवर तुमच्या सांगण्याप्रमाणं नाव लावलं, तर कुणाला काही कळणार नाही. काचही नवी, डिग्रीही खरी. म्हणूनच आज सांगते आहे. चौकटीला गंज ठेवून त्यावर नवी काच बसवायची नाही, हे मी कालच बघितलं.

रागवा. बोलू नका माझ्याशी काही दिवस. पण डोळा चोळू नका.

मोनाली


रविवार, १५ मार्च, सकाळ
जाफर गेट, जीपमध्ये बसून

अण्णा,

जय भीम.

हा तिसरा कागद. कालचे दोन्ही अजून माझ्या पर्समध्येच आहेत. आज सगळे एकदम जीपबरोबर येतील.

सकाळी गोकुळ दुकान उघडत होता. मी म्हटलं, कचरू अण्णांची जीप, काचेवर नाव टाकायचंय. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग जीपकडं. म्हणाला, "तुम्हीच का मोनाली? तुमच्यापायी माझी लई बदनामी झाली."

मी म्हटलं, माझ्यामुळं?

"मग काय! नाव कुणीबी मधोमध टाकतं. तुमचे अण्णा जूनमध्ये आले, म्हणले, एका कडेला टाक, निम्मी पट्टी मोकळी सोड. मी म्हणलं, अण्णा, वाकडं दिसंल. म्हणले, दिसू दे. मी म्हणलं, पुढं काय टाकायचं ते आत्ताच टाकू की, एका खर्चात व्हईल. तर म्हणले, 'नाय. जागा सोड. अजून यायचंय.' सात महिने ती जीप तशी लंगडी फिरली. समदे ड्रायव्हर मला हसायचे, गोकुळला माप घेता येत नाय म्हणून. जानेवारीत आले एक दिवस, लई खुशीत. म्हणले, 'टाक आता. आलं.'"

अण्णा, मी तिथं स्टुलावर बसले.

फिकट अक्षरं आणि लालभडक अक्षरं! मी परवा तुम्हाला किती शहाणपणानं लिहिलं की रोल वेगळे असतील. सात महिन्यांचं ऊन माझ्यासमोर काचेवर लिहिलेलं होतं, मी ते ब्लेडनं खरवडलं, आणि मला वाचता आलं नाही. आणि २६ जानेवारीचा तो हुकूम. जूनमध्ये तुम्ही नावापुढं काही लिहायला सांगितलं नव्हतं. फोनवरही तुम्ही "नाव लावलं" एवढंच म्हणाला होतात. मी "झालं" म्हणाले, तुम्ही "नाव लावलं" म्हणालात. दोघंही मोजून बोललो. फरक एवढाच, की तुमचं खरं होतं.

प्रणय सकाळच्या एसटीनं परत आलाय. त्याला धरलं. आधी म्हणाला, मला काय माहीत. मग कान लाल झाले. मग म्हणाला, "निकाल लागला त्याच दिवशी मोबाइलवर मीच पाह्यला होता, तुझा सीट नंबर व्हता माझ्याकडं. काकांना सांगितलं. ते मला जीपमागं घेऊन गेले. मग म्हणले, 'कुणाला बोलायचं नाय. तुझ्या काकीला बी नाय. तिचं ती सांगंल.'"

"मग? मी सांगितलं नाही, तेव्हा काय म्हणाले?"

"काय नाय. जानेवारीतला निकालबी मीच दावला, तोवर रोज सकाळी काच पुसायचे. मोकळी जागा जरा जास्त पुसायचे."

मला तुम्हाला खूप प्रश्न विचारायचेत. विचारायला तिकीट लागत नाही, म्हणून विचारते. मी फोनवर "झालं" म्हणाले तेव्हा तुम्हाला आधीच कळलेलं होतं का? की फोन ठेवल्यावर प्रणय आला? जानेवारीत तुम्ही गोकुळकडं आलात, म्हणजे शहरात आलात. बजाजनगर इथून अर्ध्या तासावर. मला भेटायला का नाही आलात? माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होता का? आणि परवा "गोकुळकडंच जा, दुसरीकडं नको" असं दोनदा बजावलंत, ते सहज, की मुद्दाम? काळ्या चष्म्याआड तुम्ही हसत असाल तर इथून मला दिसत नाही.

कालचं घडी घातलेलं पान फाडून टाकावं असं क्षणभर वाटलं. तुम्हाला सगळं माहीतच आहे, मग ते पाठवून काय उपयोग? पण तुम्हाला माहीत असणं आणि मी सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात महिने तुम्ही दुसरीसाठी जागा सोडली होती.

म्हणून मेघा, आधीचं रद्द. ते पान उशीखाली ठेवायचं नाही. टाचणी काढ आणि मोठ्यानं वाच. आईला चुलीपासून उठवून जवळ बसव. तिला यातलं काहीच ठाऊक नाही, तिनं ऐकायला हवं. वाचताना रडलीस तरी चालेल, शब्द गाळायचे नाहीत.

गोकुळनं वर 'जय भीम' लावलं आणि नावाची नवीन अक्षरं कापली. मी त्याला म्हटलं, "फक्त मोनाली टाका. एका कडेला. पुढं जागा सोडा."

त्यानं कात्री खाली ठेवली. "पुन्हा? ताई, आता तर डिग्री हाये ना तुमच्याकडं?"

म्हटलं, "आहे. पण अजून सांगायचंय."

तो बराच वेळ डोकं खाजवत होता. शेवटी म्हणाला, "तुमच्या खानदानात सरळ नाव कुणी टाकतच नाय." पण टाकलं. आता मी जीपमध्ये तुमच्या सीटवर बसले आहे आणि आतून मला माझं नाव उलटं दिसतंय, आणि त्याच्याशेजारी मोकळ्या काचेतून जाफर गेटचा रविवारचा बाजार. जुन्या मोटारी, स्क्रू, पंखे, सायकलींची चाकं. नवीन काचेतून सगळं इतकं जवळ दिसतंय की हात लावून बघावं वाटतं. तुमचा डोळा उघडेल तेव्हा तुम्हालाही असंच दिसणार आहे का? ते मात्र मला लिहून कळवा. स्वतःच्या अक्षरात, पंधरा दिवस झाल्यावर.

'बी.एस्सी.'ची अक्षरं या पाकिटात आहेत, मागच्या कागदासकट. गोकुळनं सांगितलेली रीत लिहिते. जीप सावलीत लावायची. काच पुसून साबणाचं पाणी मारायचं. अक्षर ठेवून मधून कडेकडं हलक्या हातानं दाबत न्यायचं, म्हणजे खाली हवा राहत नाही. घाई करायची नाही. वाकडं बसलं तर लगेच उचलायचं, वाळल्यावर निघत नाही.

डॉक्टरांनी उन्हात जायला परवानगी दिली की तुम्ही स्वतः लावा. १४ एप्रिलला जीप समोरून येताना मला बघायची आहे. मी आदल्या दिवशीच येते. लावावंसं वाटलं नाही, तर तसंच राहू द्या. मी लंगड्या नावाच्या जीपमध्येही पुढच्याच सीटवर बसेन.

प्रणय हॉर्न वाजवतोय. सरदारचाचांनी सलाम सांगितलाय, आणि चहा पाजला. आज मी पूर्ण कप प्याले.

तुमची,
मोनाली
(पुढं जागा सोडली आहे.)